शेवटचा हप्ता शूटिंगला बांधू नका

पटकथा लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळा ढीगभर आहेत. करार वाचायला कुणी शिकवत नाही. लिहिता येत नाही म्हणून या धंद्यातून जेवढे लोक बाहेर पडतात, त्याहून जास्त जण पैसे वेळेवर हातात न आल्याने पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेली सोपचं काम कथाविस्तार, पटकथा आणि संवाद असं विभागलेलं असतं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटं उरतात. मानधन भागावर ठरतं, पण हिशोब बहुधा भाग प्रसारित झाल्यापासून सुरू होतो आणि वर 90 दिवसांचं क्रेडिट, म्हणजे उधारी. म्हणजे आज लिहायला बसलेल्याला पहिला पैसा दिसायला चार-पाच महिने, तोही टीडीएस कापून. तेवढी पुंजी नसेल तर नोकरी सोडू नका. वाहिनीने ट्रॅक, म्हणजे कथेची दिशा, फिरवला की मंजूर भागही नव्याने लिहावे लागतात, मालिका अचानक बंद झाली की बँकेतले, म्हणजे आगाऊ तयार ठेवलेले, भाग पडून राहतात. करारात 'प्रसारित भाग' असेल तर ती मेहनत फुकट. तिथे 'मंजूर भाग' असं लिहून घ्या. नवख्याचं लगेच ऐकतीलच असं नाही, पण मागायला काय जातं?

सिनेमात खरी गोम हप्त्यांत आहे. सायनिंग, कथा, पहिला ड्राफ्ट, संवादांसह अंतिम ड्राफ्ट असे टप्पे पडतात आणि मोठा हप्ता हळूच 'शूटिंगच्या पहिल्या दिवशी' असा टाकलेला असतो. नटाच्या तारखा, फायनान्स, यातलं काहीच लेखकाच्या हातात नाही. सिनेमा उभा राहिला नाही तर 120 पानं लिहूनही तो हप्ता बुडतो. म्हणून प्रत्येक हप्ता ड्राफ्ट सोपवण्याला बांधा. शिवाय '15 दिवसांत लेखी प्रतिक्रिया न आल्यास ड्राफ्ट मान्य' हे वाक्य घाला, नाहीतर 'वाचतोय, वाचतोय' यातच वर्ष जातं. पुनर्लेखनाचा आकडाही हवा: दोन ड्राफ्ट आणि एक पॉलिश (शेवटचा बारीक हात), पुढचं वेगळ्या मानधनावर. 'निर्मात्याचं समाधान होईपर्यंत' या शब्दांवर सही करणं म्हणजे वेठबिगारीच.

नरेशनला, म्हणजे निर्मात्याला कथा ऐकवायला, जाण्यापूर्वी ती कथा स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवा, पण दोन ओळींची कल्पना नोंदवून फारसा उपयोग नाही. कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो. 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तेव्हा पात्रं, प्रसंग, शेवट यांसह सविस्तर कथा नोंदवा. नरेशन झालं की त्याच दिवशी 'आज अमुक कथा ऐकवली' एवढा ईमेल टाका. व्हॉट्सॲपवरची 'भारी आहे' ही दाद पुरावा म्हणून लंगडी पडते.

हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा ती 5 वर्षं धरतो. करारात वेगळं काही नसेल आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत, तर तेही परत येतात. म्हणूनच निर्माते 'कायमस्वरूपी' लिहून ते एका वर्षाचं कलम लागू नसल्याचं घालतात. याच कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी सोडून देणारा करार लेखकाला बांधत नाही. वसुली हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

मधेच लेखक बदलला तर काय, हेही आधी ठरवा: तोवरच्या टप्प्यांचे पूर्ण पैसे आणि तुमचे प्रसंग वापरले तर श्रेयनामावलीत नाव.