न घेतलेलं कर्ज भरून मिटवू नका : सिबिलच्या मेसेजबद्दल खुलासा

‘तुमच्या पॅनवर कुणी बोगस कर्ज काढलं असेल तर थोडे पैसे भरून मिटवून टाका, सिबिल आपोआप साफ होतं,’ असा मेसेज फिरतोय. (सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणारी कंपनी; तिच्या अहवालालाही लोक सिबिलच म्हणतात.) कृपया तसं करू नका. पैसे भरलेत की कर्ज तुमचंच होतं, असा अर्थ काढला जाऊ शकतो. तडजोड केलीत तर खातं ‘सेटल्ड’ शेऱ्यासह अहवालात राहतं आणि गृहकर्जाच्या वेळी बँक नेमकं तेच बघते.

मार्ग आहे तो हरकतीचा. सिबिलच्या साइटवर ती मोफत नोंदवता येते. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशाच इतर कंपन्यांचे अहवालही तपासा, खोटं खातं तिथेही असू शकतं. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीला लेखी कळवा. कर्जाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रं आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, हे मागाच. फोटो, सही, मोबाइल नंबर दुसऱ्याचा निघाला तर तुमची बाजू तिथेच भक्कम होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत जोडा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत तक्रार निकाली निघायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) घटतो, हेही खरं नाही. या चारपैकी प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा अहवाल मोफत देते.