खरा त्रास खाली उभं राहणाऱ्यांना
लेखात म्हटलंय की फायटर जेटच्या कॉकपिटमधे पायलटला कानठळ्या बसतात, ते काही पटलं नाही. जेटचा मुख्य आवाज मागून सुसाट निघणारा गरम झोत बाहेरच्या हवेत मिसळतो त्याचा असतो, आणि तो मागच्या बाजूला तिरका फेकला जातो, पायलट तर पार पुढे, बंद कॅनपीत (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणात), हेल्मेटच्या आत कान झाकून. त्याला ऐकू येतो तो कॅनपीवर घासणाऱ्या हवेचा आणि एसीचा सूं आवाज, आणि मास्कच्या माइकमधून स्वतःचाच श्वास.

आम्ही पुण्यात लोहगावला, हवाई दलाच्या तळाजवळ राहतो, 1997 पासून सुखोई लढाऊ विमानं आहेत इथे. आफ्टरबर्नर (जास्त जोरासाठी मागच्या झोतात आणखी इंधन जाळायची सोय) लावून दोन्ही इंजिनं पेटली की मांडणीवरची ताटं थरथरतात, तान्हं बाळ दचकून उठतं, आणि आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. मग रनवेजवळ काम करणाऱ्या ग्राउंड क्रूचं काय होत असेल! तिथे 140 डेसिबलच्या आसपास जातं, म्हणून ते कानात प्लग घालून वरून इअरमफही लावतात, आणि दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते हे लक्षात घ्या. त्यांच्याबद्दलही लिहा प्लीज.