हृदय चरबीवर चालतं, म्हणून खोबरेल प्यायचं?

"हृदयाचं खरं इंधन चरबी आहे, हे डॉक्टर लपवतात. रोज उपाशीपोटी घाण्याचं खोबरेल दोन चमचे घ्या. चरबीचा चयापचय सुधारतो, अटॅक येत नाही, गोळ्या सुटतात. छातीत कळ आली तर एक चमचा कोमट तेल पिऊन तासभर डाव्या कुशीवर पडून राहा."

हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला, तिन्ही वेळा मी सोडून दिला. चौथ्यांदा मामीने पाठवला. खाली एक ओळ: "हे वाचून ह्यांनी गोळ्या बंद केल्यात. बरोबर आहे ना रे?"

मामाला गणपतीनंतर स्टेंट पडलाय, म्हणजे हृदयाच्या नळीत ती उघडी ठेवणारी जाळी. माझं चिपळुणात मेडिकल आहे, गोळ्या माझ्याकडूनच जातात. दुकान बंद करून गुहागर गाठलं. ओटीवर स्टीलची वाटी, तिच्या तळाला जानेवारीच्या गारठ्याने थिजलेलं पांढरं तेल. खिडकीत पट्टी, 11 गोळ्या शिल्लक. "मेल्या, घरच्या नारळांचं आहे, विकतचं नव्हे," मामा म्हणाला.

आधी ते कुशीवर पडणं. अटॅक म्हणजे हृदयाला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होणं. प्यायलेलं तेल पचून रक्तात उतरायलाच तास जातात. आणि उतरून हृदयापर्यंत जाणार कुठून? त्याच बंद नळीतून! रक्त पूर्ण थांबलं की 20-30 मिनिटांत स्नायू मरायला लागतो. गुहागरहून चिपळूण 45 किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता. त्याच्याआधी तासभर कुशीवर काढायचा, असं लिहिणाऱ्याला काय म्हणावं? कळ आली की 108 ला फोन, बाकी काही नाही.

आता इंधनाचं. हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. धडधाकट हृदयाची निम्म्याहून जास्त ऊर्जा चरबी जाळूनच येते. त्यात डॉक्टर लपवतात काय? पाठ्यपुस्तकात आहे. पण तेवढीच ऊर्जा साखरेपेक्षा चरबीतून काढायची तर प्राणवायू साधारण 12 टक्के जास्त लागतो. अटॅकमध्ये तोच तर कमी पडतो. चुलीला वारा नसताना आणखी करवंट्या सारल्या तर जाळ होत नाही, धूर होतो. मामीला हे लगेच कळलं. अर्धवट जळालेली चरबी पेशीत साठते. रक्तपुरवठा परत सुरू झाला तरी हृदय चरबीच जास्त जाळत बसतं, साखर नीट जळत नाही, आम्ल वाढतं, पेशींना आणखी इजा होते. म्हणजे चयापचय बदलायचाच तर तो चरबीकडून साखरेकडे. मेसेजवाला बरोबर उलटा निघालाय.

तसं करणारं औषध माझ्या कपाटात आहे, ट्रायमेटाझिडीन. चरबी जाळणारं एक एन्झाइम ते अडवतं. छातीतल्या दुखण्यावर इतर गोळ्यांच्या जोडीला देतात. त्याचं काय झालं? 2020 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मोठी चाचणी आली. अँजिओप्लास्टी झालेले सहा हजारांवर रुग्ण, काहींना हे औषध, काहींना नुसती दिखाऊ गोळी, जवळजवळ चार वर्षं पाठपुरावा. हृदयविकाराने मृत्यू, परत दुखणं, परत अँजिओग्राफी, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही. नेमक्या जागी बोट ठेवणाऱ्या औषधाची ही गत, तर दोन चमचे खोबरेल काय दिवे लावणार?

उलट खोबरेलात 80 ते 90 टक्के संपृक्त चरबी. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. आमटीला, सोलकढीला नारळ घाला, त्यावर माझं भांडण नाही.

'आमचे आजोबा खोबरेल खाऊन नव्वद वर्षं जगले,' हेही मेसेजखाली कोणीतरी लिहिलंच होतं. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेले आजोबा लिहायला येत नाहीत.

गोळ्या सुटतात, ही ओळ मात्र जीवघेणी आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी नवीन स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाही. ती मधेच सोडली तर स्टेंटच बंद पडू शकतो. स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना ओटीवरूनच फोन लावला. त्यांनी गोळ्या लगेच चालू करायला सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावलं. मामाला झापून झाल्यावर फोन परत माझ्याकडे आला. "मेडिकलवाले ना तुम्ही? तीनदा वाचून गप्प बसलात?"

वाटीतलं तेल मामीने बोटाने खरवडून डोक्याला लावलं.