‘नळ बारीक करा’ या सल्ल्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इन्स्टंट गीझरचा दिवा लागलेला असूनही पाणी गार का येते, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. एकदा चष्म्याशिवाय, आणि आपण खरोखरच तसे लिहिले आहे याची खात्री करण्यासाठी पुन्हा चष्मा लावून. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. नळ बारीक करा हा सल्ला ‘ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखा’ आहे. थर्मोस्टॅट आणि कटआउट यांतला फरक मला कळत नाही. पाणी गार येण्याचे खरे कारण बोअरच्या पाण्यातले क्षार हेच असते. झाकण उघडण्यापूर्वी एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा फळीवरचा खटका) बंद करावा हे मी लिहिलेले नाही. आणि ‘निवृत्त काकांनी गच्चीवरच्या बागेवर लिहावे, विजेच्या वस्तूंवर नको’.

आमच्या गच्चीवर बाग नाही, सोसायटीच्या टाक्या आहेत. त्या असो. मतभेदाला माझी हरकत नाही, परंतु लेखातला एकही आकडा न खोडता लेखकाचे वय काढणे ही कोणत्या चर्चेची रीत आहे, ते मला समजलेले नाही. भोसरीतल्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी २९ वर्षे काढली, आणि त्यातली निम्मी प्लेटिंगच्या टाक्यांमधले हीटर बदलण्यात गेली. तेव्हा विजेने पाणी कसे तापते हे निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून मी शिकलेलो नाही.

कटआउटबद्दल मात्र आपले बरोबर आहे. ठरलेल्या तापमानाला वीज तोडून पाणी निवल्यावर ती पुन्हा जोडतो तो थर्मोस्टॅट. आणि पाणी धोक्याइतके तापल्यावर वीज तोडतो, मग बऱ्याचदा हाताने बटण दाबल्याखेरीज पूर्ववत होत नाही, तो कटआउट. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी पहिल्याचे नाव दुसऱ्याला दिले होते. ती दुरुस्ती केली आहे आणि आपले आभार मानतो.

आता नळाकडे येतो, कारण आपण सर्वाधिक त्वेषाने लिहिले आहे ते त्याच्याविषयी. आपल्याकडच्या बहुतेक इन्स्टंट गीझरचे एलिमेंट (आतली पाणी तापवणारी कॉइल) ३ किलोवॅटचे असते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते, आणि ३ किलोवॅटचे एलिमेंट मिनिटाला १८० किलोज्यूल देते. भागाकार केला तर ४३ येतात. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी ४३ अंशांनी तापेल, दोन लिटर साडेएकवीस अंशांनी आणि पाच लिटर जेमतेम साडेआठ अंशांनी. खीर पातेल्यात तेवढीच आहे. पाने जास्त मांडली की वाटी अर्धीच भरणार. यात वाढप्याचा दोष नाही आणि गीझरचाही नाही. विजेचा दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला, तर तेच एलिमेंट २.३ किलोवॅटपेक्षाही कमी देते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. हे मी लेखातही लिहिले होते, पण तिथपर्यंत आपण वाचले असावे असे वाटत नाही.

हे सारे मी कागदावर मांडून थांबलो नव्हतो. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत प्रेशर पंप बसला आणि आठवड्याभरात चार घरांतून ‘गीझर गेला’ अशी तक्रार आली, त्यात आमचेही घर होते. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला मी दहा लिटरची बादली, मनगटी घड्याळ आणि एक काचेचा थर्मामीटर (होय, तोच, मी तो फेकलेला नाही) घेऊन न्हाणीघरात बसलो. टाकीचे पाणी २० अंश होते. नळ पूर्ण सोडल्यावर बादली दोन मिनिटांत भरली आणि पारा २८ च्या किंचित वर थांबला. मग गीझरकडे येणाऱ्या पाण्याचा अँगल कॉक थोडा थोडा फिरवत गेलो. मिनिटाला दोन लिटरवर पारा ४१ ला पोचला, काचेवर वाफ धरली, आणि बाहेरून विचारणा झाली की आंघोळ चालली आहे की प्रयोगशाळा. त्या दिवशी एक पैसाही खर्च झाला नाही. शेजारच्या घरी त्याच दुखण्यावर नवे एलिमेंट बसवून गेलेल्या कारागिराने किती घेतले, हे मी सभ्यतेपोटी लिहीत नाही.

लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्याकडे तांब्याचा बंब होता. वरून गार पाणी ओतले की तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर यायचे, आणि घाईघाईने बादलीभर ओतले की तोटीतून कोमट येऊ लागायचे. आजी ओरडायची, ‘तांब्या तांब्या ओत!’ तिने किलोवॅट हा शब्द ऐकला नव्हता, तरी आपल्यापेक्षा तिला हे लवकर कळले होते, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

माझा पुतण्या इंग्लंडमधल्या लेस्टरला राहतो. तिकडे इलेक्ट्रिक शॉवरमध्येच एलिमेंट असते, साधारण साडेसात ते साडेदहा किलोवॅटचे, आणि त्यासाठी घरात स्वतंत्र जाड वायर ओढलेली असते. तशा अनेक शॉवरवर तापमानाची म्हणून जी चकती असते, ती प्रत्यक्षात पाण्याची धारच कमी-जास्त करते. म्हणजे ज्याला आपण अडाणीपणा म्हणता तो तिकडे कारखान्यातून बसवूनच येतो. हिवाळ्यात नळाचे पाणी गारठले की ती चकती फिरवून धार कमी करावी लागते. धार फारच कमी झाली तर उलटाच प्रकार होतो, आतला दाबाचा स्विच लागत नाही किंवा पाणी अति तापून कटआउट पडतो आणि अंगावर गार पाणी येते. म्हणून तर मी लेखात ‘बारीक करा’ लिहिले, ‘बंद करा’ नव्हे.

क्षारांविषयी फार लिहीत नाही. एलिमेंटवर पांढरा थर चढला तरी त्याने घेतलेली वीज अखेर पाण्यातच जाते. थरामुळे एलिमेंट स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते. जळल्यावर पाणी गार येणार, हे सांगायला प्रतिक्रिया लिहावी लागत नाही.

एमसीबीचे वाक्य लेखात आता पहिल्याच परिच्छेदात घातले आहे. नुसते बटण बंद करून भागत नाही. जोडणी उलटी असेल तर बटण बंद असूनही आत वीज असते, म्हणून एमसीबी पाडायचा आणि टेस्टरने तपासूनच झाकणाला हात लावायचा. हे वाक्य मी आपल्या सांगण्यावरून घातलेले नाही, ते घालायचेच होते.

बादली आपल्याकडेही असेलच. रविवारी सकाळी नळ पूर्ण सोडून ती भरायला किती वेळ लागतो तेवढे पाहा आणि आकडा इथे लिहा. बागेचे त्यानंतर बोलू.