पॅरोलवरच्यांची यादी मोबाइलवर? मेसेज पाठवण्याआधी एवढं वाचा

यवतमाळ-वाशीमकडच्या गावगटांत सध्या एक मेसेज फिरतो आहे. "कोणत्याही कैद्याची पूर्ण माहिती आता घरबसल्या! सरकारी साइटवर नाव टाका. फोटो, गुन्हा, जेल, सुटकेची तारीख सगळं दिसेल. गावात पॅरोलवर कोण आलं हे कळणं आपला हक्क आहे. ग्रामपंचायतीने यादी लावावी." खाली एक लिंक, आणि ती उघडली की 'नोंदणी शुल्क'.

शुल्काचं आधी उरकतो. खाली सांगितलेली कोणतीच माहिती पाहायला असलं शुल्क लागत नाही. पैसे भरू नका.

"नाव टाका, सगळं दिसेल." दिसतं, पण अमेरिकेत. तिथल्या केंद्रीय तुरुंग खात्याच्या साइटवर 1982 पासूनचे कैदी नावाने शोधता येतात, आणि फ्लोरिडासारखं राज्य तर फोटोही लावतं. मेसेजसोबतचा स्क्रीनशॉट त्याच जातीचा आहे, आडनावं वाचली तरी कळतं. आपल्याकडे राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टल आहे, पण लोकांसाठी त्यावर मुख्यतः आकडेवारी आणि ई-मुलाकातीची, म्हणजे बंद्याच्या भेटीसाठी ऑनलाइन अर्ज करण्याची सोय. मुलाकातीच्या अर्जात राज्य, जेल, बंद्याचं नाव, बापाचं नाव आपणच भरायचं असतं. म्हणजे माणूस कुठे आहे हे ठाऊक असेल तरच ती साइट कामाची.

मग घरच्यांनी शोधायचं कसं? खरी गरज इथे आहे, आणि मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही. सुरुवात ठाण्यापासून. अटक झाली की नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 37 प्रमाणे अटकेतल्यांची नावं ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची असतात. ठाणेदाराला तो फलक कुठे आहे, असं विचारायला लाजू नका. तिथून अपराध क्रमांक, म्हणजे एफआयआरचा नंबर, आणि वर्ष लिहून घ्या. एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकावी, असं सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलेलं आहे. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं तेवढी वगळून.

हा क्रमांक हाताशी असला की ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर जिल्हा, ठाणं, क्रमांक, वर्ष टाकून केस सापडते. नावाने शोधायला गेलात तर फसाल. एका कागदावर वानखडे, दुसऱ्यावर वानखेडे, आणि इंग्रजी स्पेलिंग टाइप करणाऱ्याच्या मर्जीचं. केस सापडली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टिपून ठेवा. पुढची पेशी त्यावर कळते, बऱ्याचदा आदेशाची प्रतही मिळते. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला की माणूस जेलमध्ये जातो. कोणत्या, ते कोर्टातून किंवा वकिलाकडून विचारून घ्या. यवतमाळचा माणूस यवतमाळच्याच जिल्हा कारागृहात राहील असं नाही, अमरावती किंवा नागपूर मध्यवर्तीतही असू शकतो. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, फोन 15100. आणि कुठूनच उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कायद्याने 48 तासांत उत्तर द्यावं लागतं.

"पॅरोलवर कोण आलं." गावात जेलमधून कुणीही परतलं की तो पॅरोलवर. पण 2022 च्या आकड्यांत देशातल्या दर चार कैद्यांमागे तीन कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. ते येतात जामिनावर. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा; दोन्ही शिक्षा झालेल्यांसाठी. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. रजा गुपचूपही मिळत नाही: स्थानिक ठाण्याचा अहवाल मागवतात, जमादार गावात येऊन चौकशी करतो. वेळेवर परत न जाणं हा वेगळा गुन्हा.

"यादी आपला हक्क." नाही. माहिती अधिकाराच्या कलम 8 मध्ये वैयक्तिक माहितीला आधीपासून अपवाद होता, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने तो आणखी आवळला. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसुद्धा फक्त तपास यंत्रणांसाठी आहे. आणि माझं विचाराल तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अशी यादी नसावीच. याद्या आणि हजेरी विदर्भाने भोगली आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. ते 1952 मध्ये गेले, तरी चोरी झाली की पहिली गाडी पारधी बेड्यावर जाते. भिंतीवरची यादी कोणाच्या दारापर्यंत जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

एका माणसाचं विचारणं मात्र रास्त आहे: ज्याच्या घरावर अत्याचार झाला त्याचं. त्याला आरोपी कधी सुटतो हे कळायलाच हवं. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या कायद्यात, 2015 च्या दुरुस्तीने कलम 15-अ आलं. पीडिताला जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळायला हवी, आणि जामीन, सुटका, पॅरोल यांवर त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. सूचना आली नाही तर सरकारी वकिलाकडे आणि विशेष न्यायालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.