एक कुलूप, तीन चाव्या आणि समोरच्या काकू

बाजूच्या विंगमध्ये चोरी झाली आणि बायकोने जाहीर केलं, आता भारीतलं कुलूप आणायचं. तोपर्यंत आमच्या दाराच्या नेमक्या किती चाव्या होत्या ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, कारण स्टेशनबाहेरचा चावीवाला पाच मिनिटांत बनवून द्यायचा, मग एक आईकडे, एक कामाच्या मावशींकडे, एक समोरच्या काकूंकडे.

नव्या कुलपाबरोबर आल्या सीलबंद पाकिटात तीन चाव्या आणि एक कार्ड. दुकानदार म्हणाला कार्ड जपा, ते दाखवल्याशिवाय डुप्लिकेट मिळणार नाही, तीही कंपनीकडूनच. मी मनात म्हटलं, असं सगळेच म्हणतात.

तीन चाव्या मी, बायको, मुलगा यांच्यातच संपल्या. आपल्याला चावी नाही हे कळल्यावर काकूंनी आमचं कुरियर घेणंच बंद केलं. "आता काय बाबा, तुमचं हाय सिक्युरिटी!"

मग गुपचूप चावीवाला गाठला. त्याने चावी उन्हात धरली, उलटीपालटी केली, म्हणाला, नाही होणार साहेब. कडेला दात असते तर मशीनवर निघाली असती, हिच्या पात्यावर दोन्हीकडे खड्डे, प्रत्येकाची खोली वेगळी. ते एकवेळ पाडेन हो, पण हे बघा, म्हणत त्याने नखाने दाबून दाखवलं, पात्यात टाचणीच्या डोक्याएवढी पिन होती आणि ती चक्क हलत होती! ती कुलपातल्या पिनला ढकलते म्हणे, तेव्हाच ते फिरतं. आणि कोरी चावी बाजारात मिळतच नाही, पेटंट आहे. पेटंट म्हणजे 20 वर्षं, तोवर काकू थांबतील?

राहिलं कार्ड. ते बायकोने इतकं जपून ठेवलेलं की शोधण्यात अख्खा रविवार गेला, शेवटी पैठणीच्या घडीत सापडलं. मग फॉर्म, आधारची झेरॉक्स, सही, आणि एका चावीला जे पैसे सांगितले त्यात चावीवाल्याने अख्ख्या मजल्याला चाव्या करून दिल्या असत्या. वर तीन आठवडे थांबा.

पण मावशी येणार दहाला, तेव्हा घरात कोणी नाही. म्हणून सध्या एक चावी सेफ्टी डोअरला लटकवलेल्या दुधाच्या पिशवीत असते, वर कोथिंबिरीचा कागद टाकून. काल संध्याकाळी घरी आलो तर पार्सल आत टीपॉयवर. कुरियरवाल्याला फोन केला, तो म्हणाला, समोरच्या काकूंनी सांगितलं ना, चावी पिशवीत आहे म्हणून.