शेजारी सफरचंदं होती का?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला. "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून ट्यूलिपचे कंद ६ आठवडे फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवले, पुण्यात गच्चीवर लावले, नुसती पानं आली. ५ महिने वाट बघायची, १० दिवस फुलं, पुढच्या वर्षी पुन्हा नवे कंद. याला बागकाम नाही, खरेदी म्हणतात." दुसऱ्यांदा वाचल्यावर पटलं की यातलं निम्मं तरी बरोबर आहे.

६ आठवडे ही चूक माझीच. ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे थंडी लागते, ५ अंशांच्या आसपासची. मी राहते न्यू जर्सीत. इथे नोव्हेंबरात कंद पुरला की पुढचं सगळं जमीनच बघते, त्यामुळे आठवडे मोजायची वेळच आली नव्हती आणि मी आकडा ठोकून दिला. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्या भाजीच्या खणात शेजारी सफरचंदं होती का? हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो. आढीतले आंबे एकमेकांना पिकवतात तो हाच. ट्यूलिपच्या कंदातलं फूल मात्र त्याने जागच्या जागी मरतं. हो, फूल. ते आधीच आत असतं. शरद ऋतूत विकत आणलेला कंद उभा चिरून बघा, मधोमध नखाएवढी कळी असते, पाकळ्या आणि पुंकेसरांसकट. पहिल्या वर्षी मी कुंड्यांसाठी ८ कंद गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवले होते, सफरचंदांच्या पिशवीला टेकून. एकही फुललं नाही. शेवटी एक चिरला, तर आत कळीच्या जागी तपकिरी, वाळकी काडी.

फूल तयारच असेल तर थंडी कशाला, असं तुम्ही विचाराल. दांड्यासाठी. थंडी पुरेशी मिळाली नाही तर दांडा उंच होत नाही, कळी पानांच्या बेचक्यातच उमलते, नाहीतर तिथेच सुकते. मूळची ही झाडं मध्य आशियातल्या डोंगरांतली, हिवाळा गोठवणारा आणि उन्हाळा कोरडा अशा मुलखातली. तेव्हा खरं सांगायचं तर, तुम्ही १४ आठवडे ठेवलेत तरी फेब्रुवारीतलं गच्चीवरचं दुपारचं ऊन त्यांना सोसणार नाही. पुण्यात हौस करायचीच तर पेपरव्हाइट नार्सिसस (डॅफोडिलचाच पांढऱ्या फुलांचा भाऊबंद) लावा, त्याला फ्रिज लागत नाही.

आता 'खरेदी'. ट्यूलिपपुरतं मान्य. फुलला की मूळ कंद संपतो, मागे राहतात ती बारकी पिल्लं, आणि इथल्या ओल्या उन्हाळ्यात तीही कुजतात. ३ वर्षांपूर्वी मी ट्यूलिप विकत घेणं थांबवलं. पण डॅफोडिल वेगळे! ९ वर्षांपूर्वी २० कंद लावले होते, आता मोजत नाही. विषारी असल्यामुळे खारी आणि हरणं त्यांच्या वाटेला जात नाहीत.

त्यांची पिवळी पानं तशीच ठेवते, याला तुम्ही आळस म्हणालात. फूल गेल्यावर निदान ६ आठवडे पानं राहिली तरच कंद भरतो आणि उन्हाळ्यात त्याच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी धरते. एका मे महिन्यात सासूबाई आल्या होत्या. त्यांनी कुंपणालगतचा कोपरा कात्रीने लख्ख करून दिला. पुढच्या वसंतात तिथे फक्त पानं. त्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. (त्या हा ब्लॉग वाचत नाहीत, अशी आशा आहे.)

आणि ५ महिने वाट बघण्याचं म्हणाल, तर आपली कळलावी काय वेगळं करते? उन्हाळाभर मातीखाली गप्प, पाऊस पडला की कोंब, गौरींपर्यंत फुलं. ती पावसासाठी थांबते, हे थंडीसाठी. मी काही रोज खिडकीत उभी नसते. नोव्हेंबरात लावते आणि विसरते. कुठे काय लावलं होतं तेही विसरते, म्हणून यंदा एका जागी दोनदा खणलं.

आज सकाळी बाहेर २ अंश होते. क्रोकस (केशराच्या कुळातली बुटकी, कंदाची फुलं) वर आलेत, त्यातले निम्मे खारींनी फस्त केले. डॅफोडिलची हिरवी टोकं बोटभर झाली आहेत.

सफरचंदांचं तेवढं कळवा.